गोष्टीतला राजा काय जेवला

अक्काला गोष्टीत कुणी उपाशी चालत नसे. राजा असो, चोर असो की कोल्हा असो, तो सकाळी काय खाऊन घराबाहेर पडला हे कळल्याशिवाय ती त्याला पुढं पाऊल टाकू द्यायची नाही.

मी शाळेत नवी होते. अक्का काही कामानं टपालकचेरीत गेली होती, म्हणून मोठ्या बाईंनी मला तासभर पहिलीच्या वर्गावर बसायला सांगितलं. मी मुलींना गोष्ट सांगायला घेतली. एक राजपुत्र शिकारीला निघाला, इथवर आले तोच दारातून आवाज आला, "काय खाऊन निघाला?"

अक्का परत आली होती. हातात मिटलेली छत्री, पायांवर धूळ. मला वाटलं ती थट्टा करते आहे. पण तिचा चेहरा गंभीर होता, आणि वर्गातल्या सगळ्या मुली माझ्या तोंडाकडं बघत होत्या. त्यांनाही तोच प्रश्न पडलेला दिसला.

"पोंगल," मी म्हटलं.

"गुळाचा की मिरीचा?"

"मिरीचा."

"मग चालेल. डाळतांदूळ अहे, दुपारपर्यंत भूक लागणार नाही त्याला. सांग पुढं."

तंजावूरला राजवाड्यामागच्या गल्ल्यांत मुलींची एक शाळा होती, पाचवीपर्यंतची. पन्नास सालानंतरच्या चारपाच वर्षांत कधीतरी मी तिथं तिसरीची शिक्षिका म्हणून लागले. अक्का पहिलीची. शाळा तमिळ होती, पण आम्ही दोघी तिथल्या मराठी घरांतल्या. भोसल्यांच्या राज्यात आलेले आमचे पूर्वज तिथंच राहिले आणि त्यांच्याबरोबर त्यांची मराठीही तिथंच राहिली. आम्ही 'आहे'ला 'अहे' म्हणतो, 'नको'ला 'नक्को', आणि स्वयंपाकघरात शिरलं की निम्मे शब्द तमिळ होतात. मी पुढं लग्न होऊन सोलापूरला आले आणि इथल्यासारखं बोलायला शिकले. अक्काचं बोलणं मात्र कानात तसंच आहे. मी तिला अक्का म्हणायची आणि 'अगं' करायची. वयानं ती माझ्या आईएवढी होती, पण आमच्याकडं अक्काला 'अहो' म्हणत नाहीत.

अकराव्या वर्षी ती विधवा झाली होती. नवऱ्याला तिनं लग्नाच्या चार दिवसांत पाहिलं तेवढंच. त्याच्याविषयी तिला एकच गोष्ट आठवायची. पंगतीत त्यानं तिच्या पानावरचा लाडू हळूच उचलून खाल्ला होता आणि मग तोंड पुसून समोर बघत बसला होता. हे सांगताना ती हसायची. "लबाड होता," म्हणायची, "राहिला असता तर मजा आली असती." तिच्या वडिलांनी गल्लीतल्या लोकांचं न ऐकता तिचे केस राखले आणि तिला मद्रासला शिक्षिकेचं शिक्षण घ्यायला पाठवलं. वडील गेल्यावर ती भावाकडं राहत होती. भाऊ एका वकिलाकडं कारकून होता, सज्जन आणि फार सोवळ्यातला. पांढरं लुगडं, कपाळ मोकळं, दिवसातून एकदा भाताचं जेवण. ते ती सकाळी साडेनवाला उरकून शाळेत यायची. संध्याकाळी एखादं केळं आणि पेलाभर दूध. शाळेत तिला कुणी पाण्याखेरीज काही तोंडात टाकताना पाहिलं नव्हतं. तिच्या गोष्टींत मात्र सतत कुणी ना कुणी जेवत असे.

आणि ते जेवण चोख असावं लागे. पौषात आंबा खाणारा राक्षस तिला खपत नसे. "त्याला आंबा मिळाला कोठून?" ती विचारायची. अरण्यात जाणाऱ्या राजकन्येबरोबर ती नेहमी चिंचेचा भात द्यायची, कारण दहीभात दुसऱ्या दिवशी आंबतो. एकदा मी एका पुस्तकातली गोष्ट वाचून दाखवली. तिच्यातल्या सावत्र आईनं पोरीला आठ दिवस कोंडून ठेवलं होतं, आणि नवव्या दिवशी ती पोर गाणं म्हणत बाहेर येते. अक्कानं माझ्या हातातून पुस्तक घेतलं, मिटलं आणि म्हणाली, "हे लिहिणारा पोटभर जेवून लिहायला बसला होता." ती गोष्ट तिनं वर्गात सांगितली, पण सुधारून. तिच्या गोष्टीत शेजारची म्हातारी रोज खिडकीच्या गजांतून डोसा आत सरकवायची. खिडकीच्या गजांतून इडली जात नाही, डोसा गुंडाळून जातो, हे तिनं घरी करून पाहिलं होतं.

भाकरीचं तिला मोठं कोडं होतं. आमच्या घरांत बाळाच्या तळहातावर थापट्या मारत म्हणायचं एक गाणं होतं. त्यात सासूची भाकरी, दिराची भाकरी, बाळाची चिमुकली भाकरी. आमच्यापैकी कुणीही भाकरी पाहिली नव्हती. आम्ही तीन वेळा भात खाणारी माणसं. गाणं पिढ्यान्‌पिढ्या आलं, भाकरी वाटेत कुठंतरी राहून गेली. अक्का गल्लीतल्या म्हाताऱ्यांना विचारत फिरायची. एकीनं सांगितलं, अप्पमसारखी असते. दुसरी म्हणाली, वाळवलेला डोसा.

लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आले तेव्हा मी सोलापूरहून ज्वारीच्या कडक भाकऱ्या घेऊन आले, खास तिच्यासाठी. तिनं एक हातात घेतली, उजेडात धरली, बोटानं वाजवली. मग तुकडा मोडून तोंडात टाकला. दात थोडेच उरले होते. बराच वेळ ती चघळत होती.

"कशी आहे?" मी विचारलं.

"आपली माणसं हे खाऊन इतक्या लांब चालत आली," ती म्हणाली. "आणि वर बाळाला हसत हसत गाणं म्हणत होती." दुसऱ्या दिवशी तिनं उरलेल्या भाकऱ्या वर्गात नेल्या आणि प्रत्येक मुलीला नखाएवढा तुकडा दिला.

शाळेच्या पहिल्या तासाला तिची एक रीत होती. हजेरी झाली की प्रत्येक मुलीला विचारायचं, आज काय खाल्लंस? गल्लीतल्या मुली सांगायच्या, इडली, उपमा, डोसा. कोटाच्या खंदकापलीकडच्या वस्तीतून येणाऱ्या मुलीही सांगायच्या, इडली, डोसा. अक्का सगळ्यांचं ऐकून मान डोलवायची. पण खंदकापलीकडच्या घरांत सकाळी इडलीचं पात्र चढत नाही हे तिला माहीत होतं. आदल्या दिवशीचा भात पाण्यात घालून ठेवायचा, सकाळी त्यात ताक असलं तर ताक, नसलं तर मीठ, आणि एक हिरवी मिरची. तेही सगळ्यांना नाही.

एके दिवशी तिनं काही न बोलता फळ्याजवळ उभं राहून एक नवं गाणं म्हटलं. तमिळमध्ये होतं, आणि त्यातलं यमक माझ्या मराठीपेक्षा पुष्कळ बरं होतं. पण घरी आम्ही ते असं म्हणायचो:

राजा उठला, तोंड धुतलं,
शिळ्या भातात ताक ओतलं,
कचकन मिरची चावली दाती,
प्रधान धावले लोटा हाती.

मुली हसून हसून लोळल्या. तिनं त्यांना हातवारे शिकवले, मिरची चावल्यावर डोळे कसे करायचे, प्रधानानं कसं धावायचं. आठवड्याभरात शाळेचं अंगण त्या राजानं भरून गेलं. आणि एका सकाळी हजेरीनंतर चेल्लम नावाची पोर उठून म्हणाली, "शिळा भात, टीचर. ताक घालून." चेल्लमचा बाप भाताच्या गिरणीत पोती उचलायचा. ती वर्गात सगळ्यांत लहान दिसायची आणि सगळ्यांत कमी बोलायची. अक्कानं इतर मुलींना मान डोलवली होती तशीच तिलाही डोलवली. "मिरची होती?" तिनं विचारलं. चेल्लम म्हणाली, "अर्धी. अर्धी तंबीला दिली." तंबी म्हणजे तिचा धाकटा भाऊ.

पुढं तपासणीसाठी एक साहेब आले. पहिलीच्या वर्गात त्यांनी पुस्तकातलं राजाचं चित्र दाखवून विचारलं, राजा काय खातो? सबंध वर्ग एका सुरात म्हणाला, शिळा भात. साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"राजाला राजासारखं खाऊ द्या, टीचर," ते म्हणाले.

"सर, राजा आमच्या वर्गात येतो," अक्का म्हणाली. "वर्गात जे असेल तेच त्याला मिळणार."

साहेबांनी काहीतरी लिहून घेतलं. मोठ्या बाई दोन दिवस अक्काशी बोलल्या नाहीत. राजाचं जेवण मात्र बदललं नाही.

त्यानंतर वर्षभरानं असेल, सरकारनं शाळेत दुपारचं जेवण सुरू केलं. शाळेच्या मागं झावळ्यांची एक शेड उभी राहिली. वस्तीतलीच एक बाई स्वयंपाकाला आली. मोठ्या पातेल्यात भात, त्यावर सांबार, ॲल्युमिनियमची ताटं. पहिल्या दिवशी मोठ्या बाईंनी पातेल्याला फूल वाहिलं. खंदकापलीकडच्या झाडून सगळ्या मुली रांगेत बसल्या.

गल्लीतल्या घरांतून मुलींना सांगून ठेवलं होतं, तिथलं खायचं नाही. त्या आपापले डबे घेऊन व्हरांड्यात बसायच्या. व्हरांडा उंच होता, शेड समोरच. वरच्या मुली खालच्या मुलींना जेवताना बघायच्या. कुणी वाईट बोललं असं नाही. पण आठ दिवसांत 'शेडवाल्या' असा एक शब्द तयार झाला, आणि रांग आखडायला लागली. आधी मोठ्या मुली गळाल्या, मग लहान. विचारलं तर म्हणायच्या, भूक नाही. मोठ्या बाईंना काळजी पडली, जेवणाऱ्या मुली अशाच कमी होत गेल्या तर जेवण बंद होईल.

अक्कानं तिला येत होतं ते केलं. तिनं गोष्टी सांगितल्या. हत्ती शेडमध्ये जेवायला आला, चंद्र येऊन बसला, राजा तर रोजच सांबार-भात खायला लागला. मुली हसायच्या, टाळ्या वाजवायच्या, आणि घंटा झाली की शेडकडं न जाता विहिरीमागं जाऊन बसायच्या.

मी तिच्याबरोबर होते त्या दुपारी. विहिरीच्या मागं चेल्लम एकटीच मातीत रेघा ओढत बसली होती. अक्का तिच्याजवळ उकिडवी बसली.

"भूक नाही?"

चेल्लमनं मान हलवली.

"राजा आलाय की जेवायला. कालची गोष्ट विसरलीस?"

चेल्लम रेघा ओढत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "टीचर, तुमचा राजा जेवतो. तुम्ही कुठं जेवता?"

त्यात उद्धटपणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. अक्का गुडघ्यावर हात टेकून उठली, लुगडं झटकलं आणि वर्गात गेली. त्या दिवशी दुपारच्या तासाला तिनं पाढे घेतले. गोष्ट सांगितली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शाळेत आली ती घरी न जेवता. हे आम्हाला नंतर कळलं. वहिनीनं पान मांडलं होतं, हिनं सांगितलं, आज नक्को, पोट जड अहे. दुपारी घंटा झाली तशी ती वर्गातून निघाली, अंगण ओलांडलं, शेडच्या तोंडाशी चपला काढल्या आणि रांगेत पहिल्या जागी मांडी घालून बसली.

स्वयंपाकाची बाई पळी हातात धरून उभी राहिली.

"अम्मा, तुम्हाला वाढू?"

"वाढ की. बसलेय ते कशाला?"

"अम्मा, घरी कळलं तर?"

"भात निवतो अहे," अक्का मराठीत म्हणाली, मग तेच तमिळमध्ये. बाईनं वाढलं. थोडं सांबार ताटाबाहेर सांडलं.

व्हरांड्यातल्या मुली उठून बघत होत्या. अक्कानं ताटाभोवती पाणी फिरवलं, घास घेतला. तो पहिला घास तिच्या गळ्याखाली उतरेना हे मला लांबूनही दिसलं. चाळीस वर्षं तिनं सोवळ्याबाहेरच्या हातचा भात खाल्ला नव्हता. डोळे मिटून तिनं तो गिळला. मग दुसरा घास घेतला, तिसरा घेतला, आणि बाईकडं बघून म्हणाली, "मीठ कमी झालंय गं."

मुली हसल्या. विहिरीमागून चेल्लम आली आणि तिच्या शेजारी बसली. मग दुसरी, मग तिघी, मग किती आल्या मी मोजल्या नाहीत. गल्लीतल्या दोन मुलीही डबे मिटून खाली उतरल्या.

मी बसले नाही. हे सांगायला हवं. मी पदर खोचला आणि वाढायला उभी राहिले, जणू काही वाढणाऱ्याचीच गरज होती. अक्कानं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि नजर वळवली, मला सोडवलं. मी रांगेत बसले ती आठवड्यानं. तोवर ते सोपं झालं होतं.

ती घरी पोचण्याआधी बातमी पोचली होती. भाऊ ओट्यावर बसला होता. तो ओरडला नाही. तो ओरडणारा माणूसच नव्हता. त्यानं विचारलं, खरं का? ही म्हणाली, खरं.

"उद्याही जेवशील?"

"होय. एकदाच जेवते मी दिवसातून. ते मोडलेलं नाही. कोठें जेवावं ते मला कुणी सांगितलं नव्हतं."

भाऊ उठून उभा राहिला. मग म्हणाला, "स्वयंपाकघरात, देवघरात आता येऊ नक्कोस. मागच्या पडवीत राहा. मी तुला जा म्हणत नाही." वहिनी दारामागं उभी होती. ती रडत होती एवढं अक्कानं पाहिलं. सहा दिवस अक्का मागच्या पडवीत राहिली. सातव्या दिवशी पत्र्याची ट्रंक घेऊन आमच्या दारात आली.

आमच्या घरी मी आणि आई दोघीच होतो. आईही विधवा, आईही सोवळ्यातली. आणि त्याच महिन्यात कुंभकोणमच्या एका घराशी माझ्या लग्नाची बोलणी चालली होती, पत्रिका जुळली होती. अक्काला ते माहीत होतं. म्हणून ती पायरी चढली नाही, खालीच उभी राहिली.

"दोन दिवस," ती म्हणाली. "खोली मिळेतो."

आई उंबऱ्यात उभी होती. तिनं ट्रंकेकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

"शाळेत शिजवते ती बाई कशी अहे?" आईनं विचारलं.

"चांगली अहे."

"हात धुते काय?"

"माझ्याहून जास्त वेळा."

आई उंबऱ्यातून बाजूला झाली. मग म्हणाली, "आत ये. ऊन लागतं अहे."

कुंभकोणमचं पत्र तिसऱ्या आठवड्यात आलं. पत्रिका पुन्हा पाहिली, जुळत नाही, असं लिहिलं होतं. आईनं ते वाचून डब्याखाली ठेवलं आणि मला संध्याकाळी सांगितलं, हलक्या आवाजात. पण घर लहान होतं. सकाळी उठून पाहते तो अक्का ट्रंक भरते आहे. आई आतून परातभर भेंडी आणि विळी घेऊन आली. विळी जमिनीवर ठेवली, अक्काच्या हातातलं लुगडं काढून ट्रंकेत टाकलं, झाकण लावलं आणि त्यावर बसली.

"ऊठ," अक्का म्हणाली.

"भेंडी चिरायची अहे," आई म्हणाली. "वाकून पाठ दुखते माझी. हे उंच बरं पडतं."

पण विळी खाली आणि ती वर, त्यामुळं भेंडी काही चिरली गेली नाही. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. शेवटी अक्कानंच विळीवर बसून भेंडी चिरली. त्यानंतर ट्रंक हलली नाही.

अक्का आमच्याकडं तेरा वर्षं राहिली. मी फक्त पहिली पाच पाहिली. मग सोलापूरच्या एका घरानं काही न विचारता मला पसंत केलं आणि मी निघून आले. मागं त्या दोघी राहिल्या, एक सोवळ्यात स्वयंपाक करणारी, एक शाळेत जेवून येणारी. आई रोज संध्याकाळी तिला विचारायची, आज शेडमध्ये काय होतं? आधी नाक मुरडून विचारायची, नंतर नुसतं विचारायची. एकदा तर तिनं स्वयंपाकाच्या बाईसाठी कढीलिंबाची जुडी पाठवली. सांबारात कढीलिंब नसतो, हे ऐकून तिला राहवलं नव्हतं.

मी पहिल्या बाळंतपणाला आले तेव्हा आठवा महिना होता, शाळेला सुटी लागली होती. एका सकाळी दाराशी अक्काचा भाऊ उभा होता. इतक्या वर्षांत तो आमच्या गल्लीच्या या टोकाला आला नव्हता. केस पांढरे झाले होते. तो ओट्यावर बसला नाही.

"मद्रासहून नात आलीय," तो म्हणाला. कुणाकडंही न बघता बोलत होता. "तिची आई दवाखान्यात अहे, दुसरं बाळ व्हायचंय. पोरीनं दोन दिवस अन्न घेतलं नाही. दूधसुद्धा थुंकते."

अक्का आतून ऐकत होती. ती बाहेर आली, खुंटीवरची छत्री घेतली.

"वय काय?"

"तीन."

"चल."

मीही तिच्याबरोबर हळूहळू चालत गेले. ती भावाच्या घरात शिरली नाही. ओट्यावर बसली आणि म्हणाली, पोरीला बाहेर आणा, आणि थोडा मऊ भात आणि ताक आणा. वहिनीनं दोन्ही आणून ठेवलं. पोर रडून रडून सुजली होती, आजीच्या पदराला धरून उभी. अक्कानं तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ती समोरच्या भिंतीवरच्या खारीशी बोलायला लागली.

"काय गं, आज काय खाल्लंस? काही नाही? आई कोठें गेली? दवाखान्यात? मग तिनं सांगितलं असेल, मी येईतो जेवू नक्कोस म्हणून. नाही सांगितलं? मग कुणाला विचारून उपाशी बसलीस?"

खार पळून गेली. पोरगी दोन पावलं पुढं आली होती.

"खारीला आई अहे?" तिनं विचारलं.

"अहे तर. दवाखान्यात अहे. खारीचं बाळ केवढं असतं माहीत अहे? या घासाएवढं." अक्कानं बोटांवर भाताचा लहानसा गोळा केला. पोरगीनं तो बघितला. मग तोंड उघडलं.

पाऊण तास लागला. अक्का आठ दिवस जात होती, मी बहुतेक दिवस बरोबर असायची. ओट्याच्या आत एकदाही पाऊल नाही. भाऊ आतल्या सोप्यात बसून ऐकायचा, वहिनी दारात उभी राहून बघायची. आठव्या दिवशी बातमी आली, मद्रासला मुलगा झाला, बाळंतीण बरी आहे. अक्का हात धुऊन निघाली तेव्हा वहिनी आतून केळीची दोन पानं घेऊन आली. भर रस्त्यावरच्या ओट्यावर, सकाळी अकरा वाजता, माणसं येत-जात असताना, तिनं पानं मांडली, वाढलं, आणि दुसऱ्या पानावर अक्कासमोर स्वतः बसली. अक्का तिच्याकडं बघत राहिली.

"बसा वन्सं," वहिनी म्हणाली. "इतकी वर्षं मला एकटीला घास उतरला नाही."

पाणी कुणी आणलं नव्हतं. आतून भाऊ लोटा घेऊन आला आणि दोघींच्या मध्ये ठेवून तिथंच उभा राहिला.

निघताना तो म्हणाला, आता घरी ये राहायला. अक्का म्हणाली, "जेवायला येईन. राहते मी तिकडेच. तिला भेंडी चिरता येत नाही."

त्यानंतर दर द्वादशीला ती भावाकडं जेवायला जायची, शाळा असली तर सकाळीच. आणि आई मला सोलापूरला पत्रात लिहायची. आईला देवनागरी येत नव्हती, ती मराठी तमिळ लिपीत लिहायची. तिच्या पत्राची सुरुवात ठरलेली असे. अक्का काल भावाकडं जेवली. कटाची आमटी, डांगर पच्चडी, कोबीची भाजी, पायसम. मग पुढं सगळ्यांची खुशाली. शाळेतून निवृत्त झाल्यावरही द्वादशी चुकली नाही. मी जेवणाच्या त्या दोन ओळी आधी वाचायची आणि बाकीचं पत्र सवडीनं.

एका पत्राची सुरुवात हवेनं झाली होती. इकडे कावेरीला पाणी उशिरा आलं, असं लिहिलं होतं. पुढच्या ओळी वाचण्याआधीच मला कळलं, तरी मी वाचत राहिले. दोन दिवसांचा ताप. फार त्रास झाला नाही. सगळं भावानं केलं. तेराव्या दिवशी त्यानं शाळेतल्या पहिलीच्या सगळ्या मुलींना घरी जेवायला बोलावलं. ओट्यावर बसवलं नाही, आतल्या सोप्यात बसवलं. चेल्लम आली होती, आता तिचं लग्न झालंय, कडेवर पोर होतं. भाऊ स्वतः वाढत होता. त्याखाली आईनं सगळं जेवण लिहिलं होतं, पानावर वाढलं त्या क्रमानं, मिठापासून दहीभातापर्यंत. तिनं काही सोडलं नव्हतं.

हे कामावरून आले तेव्हा मी पत्र हातात घेऊन बसले होते. काय लिहितात आई, असं त्यांनी विचारलं. मी त्यांना ती यादी वाचून दाखवली.

"एवढं जेवण?" ते म्हणाले. "कुणाचं लग्न होतं का?"

"नाही," मी म्हटलं. "अक्का गेली."